एकच खळबळ

‘या घटनेमुळे परिसरात एकच खळबळ उडाली आहे.’

हे वाक्य मी सहा वर्षांत किती वेळा लिहिलं असेल, याची मोजदाद नाही. विहिरीत बिबट्या पडला, खळबळ. देवळातली दानपेटी फुटली, खळबळ. कुणाची सून न सांगता माहेरी गेली आणि दोन दिवस पत्ता लागला नाही, तरीही खळबळ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या तालुक्याच्या गावी मी वार्ताहर होतो. सकाळी एका दुकानात हिशेब लिहायचे, दुपारी बातम्या. चारची एसटी सुटायच्या आत कंडक्टरच्या हातात पाकीट द्यायचं. रात्री ते शहरातल्या कचेरीत पोचायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने माझीच वाक्यं छापून माझ्याकडे परत यायची. मानधन नावापुरतं होतं. हातात चार पैसे यायचे ते पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या जाहिरातींवरच्या कमिशनचे. तरी मी ते काम मनापासून करत होतो. स्टँडवर कुणी अनोळखी माणूस आपण लिहिलेली बातमी ओठ हलवत वाचतो आहे, हे बघण्यात जे सुख होतं ते मी नाकारणार नाही.

त्या वाक्याकडे आज बघतो तेव्हा त्यातला काळ मला खुपतो. खळबळ ‘उडाली आहे’ असं मी लिहायचो ते दुपारी साडेतीनला, दुकानाच्या मागच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांना टेकून. त्या वेळी परिसरात बहुतेकांना काही माहीतसुद्धा नसायचं. खळबळ उडायची ती दुसऱ्या दिवशी साडेआठनंतर, पेपरचे गठ्ठे स्टँडवर सुटल्यावर. जे अजून व्हायचं होतं ते होऊन गेलं, असं मी छातीठोकपणे सांगत होतो आणि मी सांगितलं म्हणून ते होत होतं. ‘नागरिकांत घबराट’, ‘उलटसुलट चर्चेला ऊत’, ‘तीव्र संताप’ हे सगळे त्याच घरातले शब्द. लोकांना काय वाटतं, हे लोकांना वाटण्याच्या आधीच आम्ही त्यांना छापून देत होतो.

१२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. २५७ माणसं गेली. कोकणातली घरं मुंबईच्या मनीऑर्डरींवर चालायची. आमच्या वाडीत दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी तिकडे कामाला होतं. त्या संध्याकाळी एसटीडीच्या बूथबाहेर लागलेली रांग मला अजून दिसते. पुढे उलगडत गेलं की स्फोटकं समुद्रातून आली आणि ती आमच्याच किनारपट्टीवर, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरली. कस्टममधल्या काही माणसांचा त्यात हात होता, हेही नंतर न्यायालयात सिद्ध झालं. तेव्हा भीती खोटी नव्हती. हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण भीती खरी असते तेव्हाच तिच्यावर काहीही तरंगू शकतं.

एप्रिलमधल्या एका रात्री आमच्या खाडीच्या मुखाशी एक लाँच साडेनऊपासून उभी होती. तिच्यावर दिवा नव्हता. दीड-दोनच्या सुमाराला ती आत आली आणि पलीकडच्या मोहल्ल्याच्या धक्क्याला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आलेल्या एका मुलाने मला हे सांगितलं. तरीने पलीकडे जायला दहा मिनिटं लागतात. मी गेलो नाही. एसटी सुटायला पाऊण तास होता, आणि पहिल्या पानावर जाईल अशी बातमी गेल्या दोन महिन्यांत माझ्या हाताला लागली नव्हती. मी लिहिलं: ‘खाडीच्या मुखाशी काल रात्री एक संशयास्पद बोट सुमारे चार तास उभी असल्याचे ग्रामस्थांनी पाहिले. बोटीवर दिवे नव्हते. मध्यरात्रीनंतर ती खाडीत शिरून पलीकडील धक्क्याला लागली. या घटनेमुळे परिसरात एकच खळबळ उडाली आहे.’

मथळा कचेरीतल्या उपसंपादकाने दिला. ‘आता रत्नागिरीच्या खाडीत संशयास्पद बोट?’ पहिल्या पानावर, चौकटीत, जाड ठशात.

त्या मथळ्यातला ‘आता’ मला किती तरी वर्षांनी दिसला. तेव्हा मी फक्त चौकट बघितली होती. ‘आता’ म्हटलं की मागे शेखाडी उभी राहते, मुंबई उभी राहते, २५७ माणसं उभी राहतात, आणि यातलं काहीही लिहावं लागत नाही. शेवटचं प्रश्नचिन्ह छापणाऱ्याला मोकळं करतं: आम्ही कुठे म्हटलं, आम्ही तर विचारतोय. पण माझ्या आईने, स्टँडवरच्या हमालाने, पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने तो मथळा वाचला तेव्हा त्यांच्यापैकी कुणीही त्याला प्रश्न म्हणून वाचलं नाही. स्टँडवरच्या पेपरवाल्याने पहिलं पान दर्शनी दोरीला चिमट्याने अडकवलं होतं. रोज त्याचे आठ-दहा अंक परत जायचे. त्या दिवशी दहा वाजायच्या आत गठ्ठा संपला आणि मला बघून तो म्हणाला, ‘असं काहीतरी रोज द्या.’ हा माणूस वाईट नव्हता. परतीच्या अंकांचा भार त्याच्या डोक्यावर होता, जाहिरातीचा कचेरीच्या डोक्यावर, आणि चौकटीची भूक माझ्या. सगळ्यांची गरज एकाच दिशेला ओढत होती.

ती बोट का उभी होती, हे कळायला काहीच लागत नव्हतं. माझ्या आजोबांनी मला सातव्या-आठव्या वर्षी शिकवलं होतं: तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ती रात्र चैत्र वद्य षष्ठीची होती. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पूर्ण भरती दुपारी साडेचारला होऊन गेलेली आणि पूर्ण ओहोटी रात्री पावणेअकराच्या आसपास. साडेनऊला मुखाशी आलेल्या लाँचला आत शिरायला पाणीच नव्हतं. पाणी चढेपर्यंत तिला थांबणं भाग होतं. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं आणि मलाही कळत होतं. ज्या रात्री ती लाँच उभी होती त्या दिवशीच्या अंकात, दुसऱ्या पानावर, पंचांगाच्या बारीक अक्षरांत ‘वद्य षष्ठी’ छापलेलं होतं. बातमीचं उत्तर पेपरातच होतं. मी ते वाचायला गेलो नाही.

मागच्या दोन वर्षांत मी याच खाडीच्या मुखावरच्या गाळाची बातमी तीनदा पाठवली होती. दर पावसाळ्यात डोंगर उघडे पडतात, माती नदीने खाली येते, मुखाशी वाळूचा दांडा वाढत जातो. आधी ज्या लाँची कुठल्याही वेळी आत यायच्या त्यांना आता भरतीची वाट बघत बाहेर लाटांवर उभं राहावं लागतं. एखादी रात्रीच्या अंधारात दांड्यावर चढते आणि मोडते. राजापूरचं उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर आहे: सतराव्या शतकात इंग्रजांनी जिथे वखार घातली, त्या बंदराकडे जाणारी खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर बसलं. तर तीनपैकी एकदा ती बातमी ‘गाळ उपसण्याची मागणी’ अशा चार ओळींत आली, दोनदा आलीच नाही. उपसंपादक मला म्हणाले होते, ‘गाळात बातमी नाही.’ गाळामुळे खोळंबलेली बोट मात्र गाळाचा उल्लेख काढून टाकल्यावर पहिल्या पानाची बातमी झाली. सनसनाटी मजकुराविषयी बोलताना आपण नेहमी त्याने काय खोटं सांगितलं हे बघतो. त्याने कुठल्या खऱ्या गोष्टीची जागा खाल्ली, हेही बघायला हवं. तो दांडा आजही तिथेच आहे, अधिक रुंद होऊन.

पेपर आला त्या दुपारी पोलीस मोहल्ल्यात गेले. लाँच चालवणारा तांडेल आणि दोन खलाशी यांना ठाण्यावर नेलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं. लाँचचे कागद तपासायला कस्टमची माणसं आली. सापडायला काही नव्हतं. दिव्याची बॅटरी उतरली होती, एवढंच. तोवर बर्फातली मासळी गेली होती आणि ऐन हंगामात लाँच आठ दिवस धक्क्याला बांधून राहिली. लाँचच्या मालकाने, नाखव्याने, मला काहीच म्हटलं नाही. बाजारात समोर आला तेव्हा त्याने नेहमीसारखा हातसुद्धा केला. मी मान खाली घातली.

मी खुलासा पाठवला. बोट स्थानिक मच्छीमाराची होती, भरतीसाठी थांबली होती, चौकशीत आक्षेपार्ह काही आढळलं नाही. तो पाचव्या दिवशी पाचव्या पानावर ‘संक्षिप्त’मध्ये दोन ओळींत छापून आला. त्याच्या वर एका सत्यनारायणाच्या पूजेची बातमी होती, खाली हरवलेल्या म्हशीची.

नाखव्याची बहीण आमच्या आळीत मासळी विकायची. आम्ही सगळे तिला खाला म्हणायचो. मी जन्मलो तेव्हापासून ती आमच्या दारात येत होती. सकाळची भवानी आमच्याकडे व्हावी असा तिचा आग्रह असायचा, कारण माझ्या आईचा हात हलका आहे असं तिचं मत. त्या एप्रिलमध्ये तिची पाटी आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेलीच जाऊ लागली. कुणी तिला वावगं बोललं नाही. ‘आज नको गं’, ‘आज उपास आहे’, ‘कालचंच उरलंय’. चौथ्या-पाचव्या दिवशी मी घरी असताना खाला दारात आली आणि माझ्या आईने आतूनच सांगितलं, ‘आज नको.’

मी आईला विचारलं. वीस वर्षं ओळखतेस ना तिला? माझ्या वेळच्या बाळंतपणात तुला पथ्याचे मासे कोण आणून देत होतं? आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, ‘ओळखते रे. पण छापून आलंय ना.’

‘मीच लिहिलंय ते, आई.’

‘तू लिहिलंस हे माहीत आहे मला. पण छापून आलंय.’

त्यानंतर तो दोन ओळींचा खुलासा मी तिच्यासमोर धरला. तिने चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाली, ‘हे बारीक अक्षरात आहे. ते मोठ्या अक्षरात होतं.’

ठशाचा आकार म्हणजे सत्याचा आकार, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आम्हीच, वर्षानुवर्षं, रोज सकाळी शिकवत आलो होतो. लोकमत कसं घडतं यावर मी पुढे थोडंफार वाचलं, पण आईच्या त्या दोन वाक्यांनी मला जे कळलं त्याच्या पलीकडे मी फारसा गेलो नाही. स्वतःचा वीस वर्षांचा अनुभव एका बाजूला आणि पोटच्या मुलाने न बघता लिहिलेलं वाक्य दुसऱ्या बाजूला, आणि वाक्याचं पारडं जड, कारण ते छापलेलं.

न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांची गोष्ट मी वाचली तेव्हा मला आमची खाडी आठवली. १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री क्यूबातल्या हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटाने बुडाली. अडीचशेहून जास्त माणसं मेली. क्यूबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात. विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या ‘न्यूयॉर्क जर्नल’ची जोझेफ पुलित्झरच्या ‘वर्ल्ड’शी खपाची लढाई चालू होती. पिवळा झगा घातलेल्या एका पोराचं व्यंगचित्र दोघेही छापायचे आणि त्यावरूनच सनसनाटी बातमीदारीला पीत पत्रकारिता हा शब्द पडला. कशाचीच चौकशी पुरी झालेली नसताना दोन दिवसांत ‘जर्नल’ने हे शत्रूचंच काम असल्याचं पहिल्या पानावर जाहीर केलं आणि गुन्हेगार शोधणाऱ्याला ५०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. एप्रिलमध्ये युद्ध सुरू झालं. १९७६ मध्ये अमेरिकी नौदलाच्याच ॲडमिरल रिकोव्हर यांनी केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की स्फोट बहुधा जहाजाच्या आतच, कोळशाच्या कोठारातल्या आगीने झाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी आलेला खुलासा. युद्ध केवळ वर्तमानपत्रांनी घडवलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं आहे, असं बरेच इतिहासकार सांगतात, आणि मला ते पटतं. क्यूबाचा प्रश्न आधीपासून पेटलेला होता, शिडाला लागणारा वारा होताच. पण वारा आहे हे माहीत असताना शीड कुठल्या बाजूला फिरवायचं, ते तांडेलाच्या हातात असतं.

आणि वाईट माणसंच असं करतात असंही नाही. १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले ते कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे या भावनेने त्यांनी लिहिलं होतं. ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट निघाली. चार महिन्यांची शिक्षा झाली, १०१ दिवसांनी ते सुटले आणि बाहेर लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं. आम्ही रत्नागिरीची माणसं टिळकांचं जन्मघर पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो, मीही दाखवतो. पण त्या प्रकरणात मला त्या पत्रांविषयी विचार करावासा वाटतो. इतक्या धारदार बुद्धीच्या दोन माणसांना ती खरी का वाटली? ती त्यांच्या मनात आधीच असलेलं बोलत होती म्हणून, असं मला वाटतं. मनात असलेलं कागदावर दिसलं की माणूस कागद उलटून बघत नाही. दिवाणांवरचा आरोप कोर्टात टिकला नाही, हे आज किती जणांना ठाऊक आहे? १०१ दिवस मात्र सगळ्यांना पाठ आहेत.

दरवर्षी ६ जानेवारीला आम्ही पत्रकार दिन करतो. बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालतो. ते देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, आमच्या कोकणातले. १८३२ साली त्या दिवशी त्यांनी ‘दर्पण’ काढलं. एका पानावर शेजारी शेजारी दोन स्तंभ, एक मराठी, एक इंग्रजी. राज्य करणाऱ्याला आणि राज्य सोसणाऱ्याला, दोघांनाही तोच मजकूर वाचता यावा अशी ती रचना मला अजून थक्क करते. ज्याच्याविषयी लिहिलं आहे त्याला ते वाचता येतं, ही गोष्ट लिहिणाऱ्याचा हात सांभाळते. खालाला वाचता येत नव्हतं. मोहल्ल्यात पेपर घेणारी तेव्हा दोनच घरं होती. मी त्यांच्याविषयी लिहिलं, पण त्यांच्यासाठी लिहिलं नव्हतं.

१८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी बोट लागली आणि तीत एके-४७ बंदुका सापडल्या. मी बातमीदारी सोडून पंचवीस वर्षं होत आली होती. दुपारभर टीव्हीवर लाल पट्ट्या फिरत होत्या, फोनवर दर दोन मिनिटांनी कुणीतरी काहीतरी पुढे पाठवत होतं. बंदुका खऱ्या होत्या, नाकाबंदी आवश्यकच होती, पोलिसांनी केलं ते बरोबर केलं. त्याच दिवशी विधानसभेत सांगण्यात आलं की बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपकडे जायला निघालेली, जूनमध्ये भर समुद्रात इंजिन बंद पडलं, माणसांना एका कोरियन जहाजाने वाचवलं आणि सोडून दिलेली बोट वाहत वाहत इकडे आली. दुपार आणि हे निवेदन यांच्यामधल्या तासांत किती ‘आता’ आणि किती प्रश्नचिन्हं येऊन गेली, ती मी मोजत बसलो नाही. मी नाखव्याच्या नातवाला फोन केला. तो म्हणाला, ‘काका, आज बाजाराकडे येत नाही. पोरांना पण सांगितलंय, घरातच राहा.’ कुणी त्याला काही म्हटलं होतं का? ‘नाही, अजून नाही.’ त्या ‘अजून’मध्ये १९९३ चा एप्रिल होता. तो तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता.

प्रेस कौन्सिल आहे. १९६६ साली ती पहिल्यांदा स्थापन झाली. ती ताशेरे मारू शकते, दंड करू शकत नाही. पण आमच्या त्या बातमीची तक्रार तिथे झाली असती तरी काय ठरलं असतं, मला सांगता येत नाही. कारण बातमीतलं बोटीविषयीचं एकही विधान खोटं नव्हतं. हे मला खालाने दाखवून दिलं.

मेच्या अखेरीला, आगोटीच्या दिवसांत ती आली. पावसाळ्याची बेगमी प्रत्येक घराला करावीच लागते. सुक्या मासळीशिवाय आमच्याकडचे चार महिने जात नाहीत. तिच्या पाटीत जवळा होता, सोडे होते, खारवलेले बांगडे होते. पडवीच्या पायरीवर ती बसली. आई दारात उभी राहिली, हो नाही काहीच म्हणाली नाही. खालाने मला हाक मारली.

‘तो पेपर हाय काय तुझ्याकडं? काय लिवलंस ते वाचून दाखव मला.’

माझ्या कात्रणांची वही होती. मी ती आणली आणि वाचून दाखवलं, मथळ्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत. ती अंगणातल्या फणसाकडे बघत ऐकत होती.

‘चार तास उभी होती, खरं हाय,’ ती म्हणाली. ‘दिवा नव्हता, ते पण खरं. ते संशय का काय म्हणलास, ते काय?’

‘संशयास्पद. म्हणजे जिचा संशय येतो ती.’

‘कुणाला आला?’

मी वाक्य पुन्हा वाचलं. त्यात कुणीच नव्हतं.

‘त्या सांगणाऱ्या पोराला आला?’

‘नाही. त्याने नुसती बघितली होती.’

‘तुला आला?’

‘नाही, खाला.’

‘मग कुणाला?’

ती खरोखर विचारत होती. आवाजात राग नव्हता. माझ्या हातात वही तशीच उघडी होती. बऱ्याच वेळाने तिने पाटीवरचं फडकं बाजूला केलं आणि आईकडे बघितलं. आई आत गेली, पावसाळ्यासाठी धुऊन वाळवलेला पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आली आणि तिच्यासमोर पायरीवर बसली. जवळ्याचा भाव तिने विचारला नाही.